तो शब्द तूच मागितलास

वहिनी,

तेराव्याला जो आला तो एकच शब्द मागे ठेवून गेला. सुटली. दादा दाराशी उभा होता आणि येणारा प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हणत होता, "सुटली हो बिचारी." मी आत पानं मांडत होते. तू असतीस तर पंगत थांबवून विचारलं असतंस, "सुटली म्हणजे काय? शाळा सुटते, वारा सुटतो, साखळीचं कुत्रं सुटतं. मी कशातून सुटले ते नीट सांगा." आणि दादा म्हणाला असता, "शैला, आधी वरण वाढ, मग शिकव."

तुझ्या ज्युनिअर कॉलेजने फाटकाजवळच्या फळ्यावर तुझं नाव, विषय, नोकरीची वर्षं असं सगळं खडूने लिहून वर हार घातला होता. मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि पुढे गेले. त्यात चूक काही नव्हतं. फक्त ते सगळं तुझ्याबद्दल होतं, आणि मला तुझ्याशी बोलायचं होतं.

तू आमच्या घाटकोपरच्या घरात आलीस तेव्हा मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होते. नणंद-भावजयीचं जमणार नाही असं आईने गृहीतच धरलं होतं, आणि पहिले काही महिने आपण तिला निराश केलं नाही. माझा टॉवेल तू वापरलास म्हणून मी दोन दिवस बोलले नव्हते. मग मला विमा कंपनीत नोकरी लागली, दाव्यांच्या विभागात, आणि माझ्या टेबलावर रोज डॉक्टरांचे कागद यायला लागले. त्यातले शब्द मला वाचताच यायचे नाहीत. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी तुला फोन केला. शब्द होता बॉर्बोरिग्मस. मला वाटलं, हा माणूस काही जगत नाही.

तू इतकी हसलीस की तुमच्या स्टाफरूममधल्या बायका गप्प झाल्या म्हणे. "अगं सुमे, पोटात गुडगुडतंय त्याच्या! ग्रीकांनी आवाजावरूनच शब्द केला. म्हणून बघ हळूच, बॉर, बो, रिग. ऐकू आलं?"

मी कॅन्टीनमध्ये बसून ते हळूच म्हणून बघितलं. ऐकू आलं. त्या दिवसापासून दुपारचा फोन ठरूनच गेला; पुढे मी मुलुंडला स्वतःच्या घरात राहायला गेले तरी तो सुटला नाही.

तुझ्या जीवशास्त्राच्या वर्गात मराठी शाळांतून आलेली मुलं असायची. दहावीपर्यंत 'स्नायू' म्हणणारी मुलं अकरावीत पहिल्याच दिवशी इंग्रजी पुस्तक उघडायची आणि त्यांचे चेहरे उतरायचे. त्यांच्यासाठी तू शब्द फोडून दाखवायचीस. एकदा मी तुझ्या वर्गात मागे येऊन बसले होते. तू एका पोराला उभं करून दंड फुगवायला लावलास. "मसल म्हणजे छोटा उंदीर. लॅटिनमध्ये. बघा, कातडीखाली उंदीर पळाला की नाही?" वर्ग खिदळला. मग तू मेंदूकडे वळलीस. हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रातला घोडा, अमिग्डाला म्हणजे बदाम, थॅलॅमस म्हणजे घरातली आतली खोली, नवरानवरीची. "घाबरता काय? जुन्या लोकांनी मेंदू कापला आणि आत जे दिसलं त्याला घरातलीच नावं दिली. घोडा, बदाम, आतली खोली, आणि कोपऱ्यात एक अडकवायचा आकडा. अंकस."

तो आकडा तेव्हाही आपल्या जागी होता, वहिनी. खडूने तू त्याचं चित्रही काढलंस.

एका गोष्टीवर मात्र आपलं कधी जमलं नाही. माझ्या टेबलासमोर एक गृहस्थ येऊन बसले होते, बायको गेलेली. कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मॅडम, हा आयाट्रोजेनिक म्हणजे काय?" तुझ्यामुळे मला माहीत होतं. इयाट्रोस म्हणजे वैद्य. वैद्याच्या हातून जन्माला आलेला आजार. मी त्यांना म्हटलं, उपचारातून कधीकधी गुंतागुंत होते, तसं काहीसं. ते मान हलवून गेले. दुपारी तुला सांगितलं तर तू फोनवर उसळलीस.

"सुमे, तू त्याच्या हातातलं नाव काढून घेतलंस."

"त्याची बायको गेली आहे, वहिनी. नावाचं तो काय करणार?"

"काय करायचं ते तो ठरवेल ना! नाव कळलं की अर्धी भीती जाते."

"अर्धी वाढते. तू वर्गात बसतेस, मी इथे बसते. मी चेहरे बघते."

किती वर्षं आपण हे भांडण घोळवलं. गणपतीत मोदक वळताना, लग्नाच्या हॉलबाहेर रिक्षाची वाट बघताना. तू कधी हरली नाहीस आणि मीही नाही. मजा यायची खरं तर.

मग तो हिवाळा आला.

"काहीतरी जळतंय," तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा मी तुझ्याकडेच होते. मी गॅसकडे बघितलं. बंद होता. "रबर जळल्यासारखं. आणि त्यात काहीतरी गोडसर, करपलेल्या सायीसारखं." दादाने पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, माहुलच्या रिफायनरीचा वारा असेल. आपल्या पंतनगरात कुणीही हेच म्हटलं असतं. दक्षिणेकडून वारा आला की तेलाचा वास, कधी देवनारच्या कचऱ्याचा धूर, हे तर नेहमीचंच. त्याच महिन्यात एका संध्याकाळी सबंध सोसायटीला गॅसचा वास आला होता, लोक जिन्यात उतरले होते, आणि तू खाली उभी राहून बायकांना समजावत होतीस. गॅसला स्वतःचा वास नसतो. वास मुद्दाम घालतात, मर्कॅप्टन. मर्क्युरियम कॅप्टन्स, पाऱ्याला पकडणारा. "वास येतोय हे चांगलं आहे हो, वास म्हणजे निरोप. वास न येता काही झालं तर घाबरायचं."

त्या खऱ्या वासांच्या गर्दीत तुझा तो वास लपून राहिला. आला की तू खिडकी लावायचीस. गेला की उघडायचीस. कुणाला काही वाटलं नाही, तुलाही नाही. एवढंच की खिडकी जास्त वेळा लागायला लागली.

माघात आपण तिघं गोराईला गेलो. बोरिवलीहून फेरीबोटीने पलीकडे, ओहोटीच्या चिखलाचा वास नाकात घेत. तुला तो आवडायचा, तुझ्या मालवणच्या खाडीची आठवण यायची. गावातल्या एका बाईंच्या घरी आपण बोंबील आणि सोलकढी जेवलो आणि सुरूच्या झाडांच्या सावलीत चटई टाकली. वारा सरळ समुद्रावरून येत होता. त्या वाऱ्यात मिठाशिवाय काही नव्हतं.

तू बोलता बोलता थांबलीस.

"आला," म्हणालीस. "इथेही आला."

"काय आलं?"

तू उत्तर दिलं नाहीस. डोळे उघडे होते, माझ्यावरच होते, पण तू मला बघत नव्हतीस. आणि ओठ हलत होते. जिभेने तू काहीतरी चाखत होतीस, शांतपणे, पुन्हा पुन्हा. दादा पाण्याकडे गेला होता. मी तुझा दंड धरून हलवला. थोड्या वेळाने तू माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात विचारलंस, "मला कुणी हाक मारली का गं?"

मला अजून तो प्रश्न ऐकू येतो. हाक मारणारं तिथे कुणी नव्हतं.

परतीच्या बोटीत तू माझ्या कानाशी वाकलीस. दादा पुढे बसला होता.

"सुमे, याला नाव आहे. फँटॉस्मिया. फँटम आणि ऑस्मे. जे नाही त्याचा वास."

"भुताचा वास?"

"अगदी. भुताचा वास." आपण दोघीही हसलो. मग हसू संपलं आणि तू खाडीच्या पाण्याकडे बघत बसलीस. बोट धक्क्याला लागता लागता म्हणालीस, "दुसराही एक शब्द आहे. तो आत्ता नको."

तू कधी शब्द राखून ठेवला नव्हतास. त्या दिवशी मला कळलं की काहीतरी येतंय.

तो शब्द मुलुंडच्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी उच्चारला. वयाने तुझ्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी तुला वासाबद्दल, चवीबद्दल, हाकेबद्दल विचारलं आणि म्हणाल्या, "फिट येण्याआधीची ही खूण, याला आम्ही ऑरा म्हणतो." तू मान हलवलीस. "ग्रीकमध्ये झुळूक," तू म्हणालीस. मेंदूचे फोटो काढून झाले. त्यांनी पडद्यावर पेनाने एक जागा दाखवली. "इथे, अंकसजवळ काहीतरी आहे."

"अंकस म्हणजे आकडा," तू म्हणालीस.

"हो मॅडम. तुम्हाला कसं माहीत?"

"शिकवते ना."

बाहेर लिफ्टची वाट बघताना मी तुला विचारलं, "गोराईला हाच शब्द राखून ठेवला होतास? ऑरा? झुळूक तर किती छान शब्द आहे."

"छान आहे," तू म्हणालीस. "पण झुळुकीच्या मागून काहीतरी येतं, सुमे. म्हणून तर ते नाव."

ऑपरेशन झालं. गाठ काढता येईल तेवढी काढली. काही दिवसांनी डॉक्टरबाईंनी दादाला आणि मला वेगळं बोलावलं आणि नाव सांगितलं. दादाने विचारलं, "मराठीत काय म्हणतात?" त्या म्हणाल्या, "मेंदूचा कॅन्सर. त्यातला वाईट. तो परत येतो. रेडिएशनचा शेक देऊ, गोळ्या देऊ. एक वर्ष चांगलं गेलं तर खूप."

कॉरिडॉरमध्ये दादाने माझे दोन्ही हात धरले. इतक्या वर्षांत दादाने माझे हात धरले नव्हते.

"तिला हा शब्द कळता कामा नये. गाठ होती, काढली, पुन्हा होऊ नये म्हणून शेक. एवढंच सांगायचं. तू तिला ओळखतेस. शब्द हातात आला की ती फोडत बसेल. आणि आतून काय निघेल?"

मी वचन दिलं. मला ते पटलंही होतं. आपल्या भांडणात तो माझ्याच बाजूने होता.

घरी आल्यावर आम्ही तुझ्याशी फार चांगलं वागायला लागलो. दादा सकाळी चहा करायचा. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन यायचे. 'बरं वाटतंय ना', 'थोडं पडतेस का', 'ऊन छान पडलंय'. एक दिवस तू भाजीची ताटली बाजूला सारलीस आणि म्हणालीस, "तुम्ही दोघं माझ्याशी किती सोपं मराठी बोलायला लागलात. एवढं सोपं मराठी लोक लहान मुलांशी बोलतात, नाहीतर मरणाऱ्यांशी."

दादा ओरडला, "काहीतरीच बोलू नकोस!" आणि ताटली उचलून आत गेला.

आषाढात एका दुपारी दादा शेकाच्या पुढच्या तारखा विचारायला हॉस्पिटलात गेला होता. डोक्याला तू माझा जुना सुती रुमाल बांधला होतास. मी मोसंबी सोलत होते.

"सुमे, शब्द सांग."

"कुठला?"

"नाटकं करू नकोस गं."

"दादाला वचन दिलंय."

"ते मला कळलंय. त्याने तुलाच बांधलं असणार, दुसरं आहे कोण?" तू उशीवर सरकून बसलीस. "हे बघ. गाठ आहे हे मला माहीत आहे. शेक कशासाठी देतात ते मी पंचवीसेक वर्षं शिकवलंय. पण नाव नाही ना, म्हणून ती सगळीकडे आहे. न्हाणीघरात असते, उशीत असते, तू आत्ता सोलतेस त्या मोसंबीत असते. मला नाव दे. म्हणजे ती एका जागी बसेल."

मी मोसंबी खाली ठेवली. माझ्या टेबलासमोर बसलेले ते गृहस्थ मला आठवले. बोट कागदावर ठेवून त्यांनी विचारलं होतं, आणि मी त्यांना मान हलवायला लावलं होतं.

"ग्लायोब्लास्टोमा," मी म्हटलं.

तू डोळे मिटलेस. मग वर्गातला आवाज काढलास, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "ग्लिया. गोंद. जुन्या लोकांना वाटलं, मेंदू चिकटवून ठेवायला आत गोंद भरलाय. ब्लास्टोस म्हणजे अंकुर. ओमा म्हणजे गाठ." डोळे उघडलेस. "गोंदाला अंकुर फुटलाय, सुमे."

तू माझं मनगट धरलंस. तुझी नखं रुतली. "उठू नकोस," म्हणालीस. "थोडा वेळ उठू नकोस." आपण तशाच बसलो. खाली कुणीतरी गाडी लावत होतं, तिची मागे घेतानाची पिपाणी वाजत राहिली. आपलं ते जुनं भांडण, नावाने भीती अर्धी होते की वाढते, ते त्या वेळी कुणीच काढलं नाही. मी विचारू शकले असते. मला निकाल नको होता.

थोडं शांत झाल्यावर तू म्हणालीस, "त्याला सांगू नकोस मला कळलंय ते."

"का?"

"मला काही माहीत नाही, या एका गोष्टीवर तो उभा आहे. ती काढली तर पडेल गं."

"आणि तू?"

"मला तू आहेस."

मग माझी दोन वचनं झाली, एक तिकडचं, एक इकडचं, आणि मी मधे बसून भाजी चिरायचे. दादा तुला सांगायचा, "मे महिन्यात मालवणला जाऊ. तोपर्यंत तू ठणठणीत." तू म्हणायचीस, "जाऊ. रायवळ आंबे असतील. पण एसटीने नको, कारने जाऊ." त्याला बरं वाटावं म्हणून तू कोणत्या गाडीने जायचं त्याच्यावर भांडायचीसही. भांडणातले ते तपशील ऐकताना माझ्या हातातली सुरी थांबायची.

तो औषधं आणायला बाहेर गेला की तू मला पुढचा धडा सांगायचीस. हो, धडाच. पुढे काय होणार ते.

"आधी नामं जातील. गाठ डावीकडे आहे ना. वस्तू दिसेल, काय करायची ते कळेल, नाव यायचं नाही. अनोमिया. ओनोमा म्हणजे नाव, अ म्हणजे नाही. निनावी. माझं असं झालं की घाबरून दादाकडे बघू नकोस, साधं नाव सांग आणि पुढे चल."

गणपतीच्या आदल्या दिवशी तू मला म्हणालीस, "ते दे गं. ते, ढवळायचं." हात गोल फिरवलास. आणि लगेच माझ्याकडे बघितलंस. दादा मखराला दिवे लावत होता, त्याला काही कळलं नाही. "चमचा," मी म्हटलं आणि दिला. तू तो हातात घेऊन किती तरी वेळ बघत होतीस.

त्यानंतर ते तुझ्या सांगण्याप्रमाणेच होत गेलं. एवढी अचूक का होतीस, वहिनी? एखादं तरी चुकायला हवं होतं. इंग्रजी आधी गेलं. ज्या शब्दांच्या चिंध्या करून तू मुलांच्या हातात दिल्यास, ते सगळे दिवाळीपर्यंत गेले. मी मुद्दाम दुपारी यायचे आणि सोपासा शब्द टाकायचे. "वहिनी, मसल म्हणजे?" तू हसायचीस, दंडाला हात लावायचीस, आणि थांबायचीस. उंदीर आत कुठेतरी होता. बाहेर येत नव्हता. मग मी विचारणं सोडलं. मग वर्गातलं मराठी गेलं, 'कृपया' आणि 'त्यामुळे' आणि 'म्हणजेच'. शेवटी माहेरची मालवणी उरली, जी तू या घरात सहसा बोलत नव्हतीस, आईला आवडायची नाही म्हणून. एका सकाळी तू दादाला "रे बाबा, माका तहान लागली हा" म्हणालीस तेव्हा तो दचकला. मग पाणी आणताना हसला. "लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी अशी बोलली," मला म्हणाला.

मार्गशीर्षात तुझे हात सुरू झाले. तू डोळे मिटून पडलेली असायचीस आणि दोन्ही हात चादरीवर फिरायचे. चिमटीत काहीतरी उचलायचीस, बाजूला ठेवायचीस, पुन्हा उचलायचीस. चादरीवर काही नसायचं. दादाला वाटलं चादर टोचते, त्याने मऊ चादर आणली. हात थांबले नाहीत. आपले जुने फॅमिली डॉक्टर आले होते, ते कितीतरी वेळ त्या हातांकडे बघत बसले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले.

"आमच्या वेळी याला एक शब्द होता," ते म्हणाले. "कार्फॉलॉजी. आता कुणी म्हणत नाही. घरच्यांना बोलावून घ्या."

त्या शब्दाचा अर्थ मला पहिल्यांदाच स्वतः शोधावा लागला. कार्फोस म्हणजे वाळकी काडी. लेगेइन म्हणजे वेचणं. शेवट जवळ आला की माणूस काड्या वेचतं, हे कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी बघून ठेवलं होतं. मी फोन बंद केला आणि तुझ्याजवळ येऊन बसले. तुझे ओठ हलत होते. कान नेला.

"वारो सुटलो गो," तू म्हणत होतीस. "पातेरो उडतलो. बेगीन भर."

पातेरा, म्हणजे वाळका पाला, आणि बेगीन म्हणजे लवकर. तू कधीतरी सांगितलं होतंस, लहानपणी मळ्यातला पातेरा गोळा करून टोपल्या भरायच्या, भाताचा तरवा, म्हणजे रोपांची जागा, भाजायला. मला तुझ्या चादरीवर तो पाला दिसला नाही. पण मी हात पुढे केला. तू चिमटीतलं काहीतरी माझ्या तळहातावर ठेवलंस, मी ते मुठीत घेऊन बाजूला ठेवलं, आणि पुन्हा हात पुढे केला. दुपार तशी गेली. दादा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. त्याला काही समजलं नाही, पण त्यानेही तळहात धरला. तू त्याच्याही हातावर ठेवलंस.

मग उन्हं उतरली आणि तुझे हात थांबले. चादर तशीच होती, एक सुरकुती तेवढी पडलेली.

मला तुझे आभार मानायचे होते. मी भाषा कॉमर्समध्ये शिकले नाही, आईकडून शिकले नाही, तुझ्याकडून शिकले. भाजी निवडावी तसा शब्द निवडायचा असतो, देठ काढायचा, शिरा काढायच्या, हे मला माहीत नव्हतं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आपण एकमेकींना असलं काही म्हणत नव्हतो. आपण भांडत होतो.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर दादा आणि मी दोघंच उरलो. मी भांडी पुसत होते, तो जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. दिवसभर तो येणाऱ्यांना तेच सांगत होता, आता मला सांगायला लागला.

"एक बरं झालं, सुमे. शेवटपर्यंत तिला कळलं नाही. नावसुद्धा कळलं नाही. तेवढं तरी मला जमलं."

मला गप्प राहता आलं असतं, आणि तुझीही तीच इच्छा असावी. पण तो पुढे म्हणाला, "डोक्यात तो शब्द नव्हता ना, म्हणून हसत होती ती. मालवणला जायचं म्हणून भांडत होती."

ते मला सहन झालं नाही, वहिनी. शब्द डोक्यात असताना तू हसत होतीस. ते तुझं होतं. ते मी कुणालाही घेऊ देणार नव्हते, दादालाही नाही.

"तिला माहीत होतं," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. "कोणी सांगितलं?"

"मी. तिने मागितलं म्हणून."

मला वाटलं तो ओरडेल. तो ओरडला नाही. "कधी?"

"आषाढात."

तो मनातल्या मनात मागे जात होता, ते मला दिसत होतं. दिवाळी, दसरा, गणपती, मालवणच्या गाड्या. तोंडातून अगदी हळू आवाज आला, "घाबरली?"

"हो. खूप."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू खचशील म्हणून."

त्याने न्हाणीघराच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायचो, सुमे. तिला ऐकू जाऊ नये म्हणून. ती इकडे पडलेली, मी तिकडे उभा. मधे एक भिंत. आम्ही दोघं मिळून घाबरलो असतो की."

तू मला म्हणाली होतीस, मला तू आहेस. त्याला कोण होतं, हे आपण दोघींनी विचारलंच नाही.

तो उठून न्हाणीघरात गेला. कडी लागली. नळाचा आवाज सुरू झाला.

मी हातातलं फडकं ठेवलं, जाऊन दारावर थाप मारली. "दादा, नळ बंद कर."

नळ चालूच राहिला.

"दादा, आता कोण ऐकणार आहे? मीच आहे. बंद कर."

त्याने नळ बंद केला. मग त्याचा आवाज आला, आणि मी दाराला टेकून खाली बसले.